क्रूझवरून किनाऱ्यावर: शोअर एक्स्कर्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझ ठरवताना आपण जहाज बघतो, केबिन बघतो, कुठल्या डेकवर काय आहे ते पाठ करतो. बंदरांच्या यादीवरून मात्र नुसती नजर फिरवतो, आणि निघायला आठवडा उरला की प्रश्न पडायला लागतात. आम्ही नवरा-बायको बऱ्याच वेळा क्रूझला जाऊन आलो, त्यामुळे ओळखीपाळखीतले असे सगळे प्रश्न आमच्याकडे येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत आमच्या फजित्या आहेत, तसंच जेवणाच्या टेबलावर आणि धक्क्यावरच्या रांगेत सहप्रवाशांकडून कळलेलंही बरंच काही आहे.

शोअर एक्स्कर्शन घ्यावंच लागतं का?

नाही. जहाज बंदराला लागलं की किनाऱ्यावर जाऊन केलेल्या कुठल्याही सहलीला शोअर एक्स्कर्शन म्हणतात. ती जहाजाच्या काउंटरवरून विकत घेता येते, बाहेरच्या टूरवाल्याकडून घेता येते, किंवा कुणालाच पैसे न देता पायी भटकता येतं. जहाजावरच बसून राहिलात तरी कुणी विचारत नाही. तिकिटाच्या किमतीत या सहली बहुधा नसतात. काही महागड्या आणि छोट्या जहाजांवर एखाद-दुसरी सहल धरलेली असते, तेव्हा तिकिटातलं बारीक अक्षर वाचून घ्या.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतःची आखावी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि वादही यावरूनच सर्वांत जास्त होतात. एक गट म्हणतो, जहाजाच्या सहली म्हणजे लूट. दुसरा म्हणतो, परक्या देशात धोका कशाला पत्करायचा. माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी भांडतात. जहाजाकडून आपण गाइड किंवा बस विकत घेत नसतो. बस तीच असते, गाइडही पुष्कळदा तोच असतो. आपण पैसे मोजतो ते वेळेत परत येण्याच्या हमीसाठी. मग विचारायचं इतकंच, की आजच्या बंदरात ही हमी मला हवी आहे का? याचं उत्तर बंदरापासून ठिकाणाच्या अंतरात असतं.

जाहिरातीत बंदराचं नाव ‘रोम’ असं छापलेलं असतं. जहाज लागतं चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम ७०-८० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, अंतर सुमारे ९० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळजवळ २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, जायला तीन तास आणि यायला तीन तास. ‘बँकॉक’ म्हणजे लेम चबांग, रस्ता मोकळा असला तर दोन तास. व्हेनिसचीही आता तीच गत. २५,००० टनांवरच्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून तिथल्या सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे कित्येक मोठी जहाजं रव्हेना किंवा त्रिएस्तेला थांबतात. तिथून व्हेनिस गाठायला दोन तास सहज लागतात.

याउलट पिरेअसहून अथेन्स दहाएक किलोमीटरवर आहे आणि मेट्रो जाते. तुर्कस्तानातल्या कुशादासीहून इफेससचे प्राचीन अवशेष २० किलोमीटरच्या आत-बाहेर. नेपल्सचा धक्का तर गावातच आहे.

आमचा नियम असा. परतीचा प्रवास एका तासाच्या आतला असेल आणि एक वाहन चुकलं तर दुसरं मिळणार असेल, तर आपलं आपण जातो. दीड तासाच्या पुढे गेलं की मुकाट्याने जहाजाची सहल घेतो. मधल्या अंतराचं वारा बघून ठरवतो. रोमला आम्ही रेल्वेने गेलो आहोत. ती गाडी मुख्य स्टेशनाच्या आधी सान पिएत्रोला थांबते, तिथून व्हॅटिकन चालत जाण्यासारखं आहे. पॅरिस मात्र एकटीच्या भरवशावर मी कधीच केलं नसतं.

जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज खरंच थांबतं का?

हो, शक्य असेल तोवर थांबतं. थांबणं शक्यच नसेल तर पुढच्या बंदरापर्यंत तुम्हाला पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. जहाजाला आपल्या माणसांच्या चार बसेस अडकल्याचं ठाऊक असतं. तुमची एकट्याची टॅक्सी पंक्चर झाली आहे हे कुणाला कळणार? धक्क्याचं भाडं, पुढच्या बंदरातली वेळ, भरती-ओहोटी आणि पायलट बोटीचं (बंदरातून वाट दाखवणाऱ्याला आणणारी बोट) वेळापत्रक अशा गोष्टींनी कॅप्टनचे हात बांधलेले असतात. दोन माणसांसाठी तीन हजारांना तो ताटकळत ठेवत नाही.

बाहेरचे बरेच टूरवाले ‘वेळेत परत आणण्याची हमी’ लिहितात. हमी म्हणजे नेमकं काय, ते विचारा. जहाज चुकलं तर पुढच्या बंदराचं तिकीट काढून देणार, की फक्त सहलीचे पैसे परत करणार? दोन्हींत फार फरक आहे. त्यातही, ज्यांचा धंदाच क्रूझच्या प्रवाशांवर चालतो ते वेळेच्या बाबतीत फार जपून असतात, कारण एकदा नाव गेलं की हंगाम गेला. आमच्या अनुभवात अशा लहान टूरवाल्यांनी जहाजाच्या सहलीच्या बसच्या तासभर आधीच आणून सोडलं आहे.

जहाज सकाळी आठ ते संध्याकाळी पाच बंदरात आहे, म्हणजे नऊ तास मिळतील ना?

कागदावर नऊ. आठला जहाज लागतं, मग दोर बांधतात, गँगवे म्हणजे उतरायची शिडी लावतात, स्थानिक अधिकारी कागद बघून परवानगी देतात. पहिला प्रवासी उतरायला साडेआठ होतात, गर्दीत तुमचा नंबर लागेपर्यंत नऊ. शेवटाकडेही तसंच. पाचला निघणाऱ्या जहाजाचं ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे सगळ्यांनी परत चढायची वेळ, साधारणपणे साडेचारला असतं, काही ठिकाणी चारलाच. आम्ही त्याच्या आधी एक तास धक्क्यावर यायचं ठरवतो. उरले साडेसहा तास. ठिकाण दीड तासावर असेल तर जाण्या-येण्यात तीन गेले. साडेतीन तासांत माणूस अख्खं रोम करायला निघतो आणि मग घामाघूम होऊन म्हणतो, काही बघणं झालंच नाही!

म्हणून दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवावी. दुसरी जमली तर बोनस. नेपल्सला उतरून पॉम्पेईचे प्राचीन अवशेष, व्हेसूव्हियस ज्वालामुखी आणि कॅप्री बेट एका दिवसात बसवणारे सहप्रवासी आम्ही पाहिले आहेत. रात्री जेवायला आले तेव्हा त्यांना पॉम्पेईचं काहीच आठवत नव्हतं, आठवत होती ती फक्त फेरीबोटीची रांग. पॉम्पेईचा परिसरच सुमारे ६६ हेक्टर, त्यातला दोन-तृतीयांश भाग खोदून काढलेला, आणि सावली जवळपास नाही. वेळ कमी असेल तर त्याच रेल्वेवर आधी एर्कोलानो लागतं. तिथे उतरून हर्क्युलेनियम हे पॉम्पेईसारखंच प्राचीन नगर बघा. ते लहान आहे, जास्त शाबूत आहे आणि दोन तासांत नीट बघून होतं.

घड्याळ कोणतं धरायचं, जहाजाचं की गावाचं?

जहाजाचं. परतीची वेळ जहाजाच्या वेळेप्रमाणेच छापलेली असते. बहुतेक ठिकाणी जहाज आपलं घड्याळ गावाशी जुळवून घेतं, पण नेहमीच नाही. मेक्सिकोतलं कोझुमेल उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या एक तास मागे असतं, कारण तिथला प्रांत २०१५ पासून वर्षभर एकच वेळ पाळतो. मायामीहून आलेलं जहाज स्वतःचीच वेळ चालू ठेवत असेल, तर तुमच्या फोनवर तीन वाजलेले असताना जहाजावर चार वाजलेले असतात. ग्रीस आणि तुर्कस्तान उन्हाळ्यात एकाच वेळेवर असतात आणि हिवाळ्यात त्यांच्यात तासाचं अंतर पडतं.

गंमत अशी की स्मार्टफोन आल्यापासून हा घोळ वाढला. फोन गावच्या टॉवरला जोडला गेला की मुकाट्याने वेळ बदलतो. माझा नवरा अजूनही मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ बांधतो आणि क्रूझभर ते जहाजाच्या वेळेला लावून ठेवतो. मी आधी हसायचे. एका बंदरात फोनच्या भरवशावर आरामात कॉफी पीत बसले होते, तेव्हा त्यानेच ओढत नेलं. आम्ही पोचलो तेव्हा गँगवेपाशी फक्त दोन खलाशी उभे होते. तेव्हापासून हसत नाही.

टेंडर पोर्ट म्हणजे काय? त्यात वेगळी काळजी काय घ्यायची?

काही ठिकाणी जहाजाला धक्काच नसतो, किंवा जहाजाच्या मानाने पाणी उथळ असतं. मग जहाज समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि लोकांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. बऱ्याचदा त्या जहाजाच्या जीवरक्षक बोटीच असतात, कधी स्थानिक बोटी असतात. सँटोरिनी, फ्रान्समधलं व्हिलफ्रांश, ग्रँड केमनचं जॉर्जटाउन ही नेहमीची उदाहरणं. बेलीझ सिटीला तर जहाज इतक्या लांब थांबतं की नुसती बोटच वीस मिनिटांवर घेते.

इथे आधी जहाजाच्या सहलीवाल्यांना उतरवतात, मग वरच्या दर्जाच्या प्रवाशांना, आणि बाकीच्यांना टेंडरचं तिकीट किंवा नंबर घेऊन थांबावं लागतं. म्हणून टेंडर पोर्टमध्ये बाहेरची सहल सकाळच्या पहिल्या तासाची घेऊ नका. परतीला ‘शेवटची टेंडर किती वाजता’ हीच तुमची खरी वेळ. त्या बोटीसाठी सगळेच धावतात, तेव्हा तिच्या तासभर आधी रांगेला लागा.

सँटोरिनीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे लोक हमखास फसतात. टेंडर तुम्हाला कड्याच्या पायथ्याशी जुन्या बंदरात सोडते. फिरा हे गाव वर, कड्याच्या माथ्यावर. वर जायचे तीन मार्ग: केबल कार, गाढवं, किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्यांवरूनच गाढवं येतात-जातात, तेव्हा वास आणि घसरण दोन्हींची तयारी ठेवा. केबल कारला चढायला तीन मिनिटं लागतात. तिच्यासाठी रांग मात्र दुपारी उतरताना दीड-दोन तासांची होऊ शकते, कारण तीन-चार जहाजांची माणसं एकदमच खाली निघतात. २०२५ पासून तिथे दिवसाला ८,००० क्रूझप्रवाशांची मर्यादा घातली आहे, तरी चिंचोळ्या गल्ल्यांना तेवढेही पुष्कळ होतात. आम्ही सकाळी आधी लांबच्या इआ गावाला गेलो, फिरा नंतर ठेवलं, आणि परतताना रांग बघून पायऱ्या उतरलो. गुडघे दोन दिवस बोलत होते, पण बोट मिळाली.

आणखी एक. टेंडरमधून उतरायचं की नाही हे समुद्र ठरवतो. लाट मोठी असेल तर बोट आणि फळी यांच्यात फूटभर वर-खाली होतं. खलाशी हात धरतात, त्यांचं ऐका आणि ते म्हणतील तेव्हाच पाऊल टाका.

कुठल्या बंदरांत काही बुक करूच नये?

जिथे जहाज गावाच्या दारात लागतं तिथे. माँटेनेग्रोतलं कोटोर बघा, जहाजावरून उतरून रस्ता ओलांडला की तटबंदीचा दरवाजा. तटावरून किल्ल्यापर्यंत साधारण १,३५० पायऱ्या आहेत, त्या सकाळी उन्हाच्या आधी चढा. माल्टाला व्हॅलेटाच्या तटाखालीच जहाज असतं आणि वर न्यायला लिफ्ट आहे. ऱ्होड्स आणि सान हुआन इथेही जुनी वस्ती चालत जाण्यासारखी आहे. अशा ठिकाणी ‘पायी शहर दर्शन’ची सहल जहाजाकडून घेणं मला पटत नाही. चांगला गाइड हवाच असेल तर गोष्ट वेगळी.

दुब्रोव्हनिक या यादीत आहे असं वाटतं, पण नाही. जहाज ग्रुझ बंदराला लागतं, जुनं शहर तिथून तीन किलोमीटर. बस आहे.

जहाज चुकलंच तर काय करायचं?

घाबरून धक्क्यावर बसू नका. जहाजाच्या रोजच्या पत्रकात पोर्ट एजंटचं, म्हणजे त्या बंदरातल्या जहाजाच्या प्रतिनिधीचं, नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. उतरण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवा. उशीर होतोय हे कळताच त्याला फोन करा, जहाज सुटल्यावर नाही. तुम्ही चढला नाहीत हे जहाजाला कार्डाच्या नोंदीवरून कळतंच. बऱ्याच कंपन्यांमध्ये निघण्यापूर्वी केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट एजंटकडे देतात, पण यावर विसंबू नये. पुढच्या बंदराचं विमान, हॉटेल, टॅक्सी सगळं तुमच्या खिशातून जातं. पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर व्हिसाचाही प्रश्न येतो.

धक्क्यावर धावत येणाऱ्यांना क्रूझवाले ‘पिअर रनर’ म्हणतात, आणि वरच्या डेकवर गर्दी करून लोक त्यांना टाळ्या वाजवून प्रोत्साहन देतात. वरून बघायला मजा येते. आमच्या शेजारच्या केबिनमधलं जोडपं एकदा त्या टाळ्यांच्या गजरात पोचलं. त्यानंतरच्या दोन्ही बंदरांत ते धक्क्यावरच्या बाकापलीकडे गेले नाहीत.

बंदरच रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पूर्ण मिळतात, आपोआप तुमच्या खात्यात जमा होतात. बंदराचे करही बहुधा परत येतात. पण बंदर चुकल्याची भरपाई म्हणून तिकिटाचे पैसे मिळत नाहीत. वारा, धुकं, संप, आजारी प्रवाशाला उतरवायला लागणं, अशा कारणांनी मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीने करारात राखून ठेवलेला असतो. बाहेरच्या टूरवाल्याकडे ‘जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा’ हे वाक्य लेखी आहे का, ते बघा. नसेल तर आगाऊ पूर्ण पैसे भरू नका. टेंडर पोर्ट सर्वांत जास्त रद्द होतात, म्हणून तिथे ही अट सोडूच नका.

आधी कशाची तिकिटं काढायची?

नावाजलेल्या प्रत्येक ठिकाणाची, आणि वार बघून. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद असतात. फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. आपला बंदराचा दिवस बदलता येत नाही, तेव्हा हे घरूनच बघायला हवं. अथेन्सच्या अक्रोपोलिसला आता ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव असतं. वेळेचं तिकीट काढताना जहाज लागायच्या वेळेनंतर किमान अडीच-तीन तासांचं काढा. जहाज अर्धा तास उशिरा लागलं तर तिकीट फुकट जायला नको.

अलास्कातल्या सहलींचं गणित वेगळं. तिथे हंगाम लहान आणि गावं त्याहून लहान. जूनोने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं घ्यायचं ठरवलं, तरी हेलिकॉप्टरच्या जागा त्यामानाने अगदी मोजक्या. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायची सहल हवामानामुळे रद्द व्हायची दाट शक्यता, म्हणून तिला पर्याय मनात असू द्या. मेंडेनहॉल हिमनदी बसनेही बघता येते, गावापासून २० किलोमीटरच्या आत. स्कॅगवेला १८९८ ते १९०० या काळात सोन्याच्या शोधात आलेल्यांसाठी बांधलेली व्हाइट पास रेल्वे आहे. ती खिंडीच्या माथ्यापर्यंत ८७० मीटर चढते, आणि प्रवाशांमधली भांडणं डावी बाजू की उजवी यावरून होतात. जाताना एका बाजूला बसलेले येताना दुसरीकडे बसतात, तेव्हा भांडू नका. गाडी कॅनडात पुढपर्यंत जाणारी असेल तर पासपोर्ट लागतो, नुसत्या माथ्यापर्यंतच्या फेरीला लागत नाही. केचिकानला छत्रीऐवजी रेनकोट न्या, वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडणारं गाव आहे ते.

गुडघे दुखतात, वय झालंय. कुठल्या सहली झेपतील?

सहलीच्या माहितीत ‘सोपी, मध्यम, दमछाक’ असे शेरे असतात. ‘मध्यम’ला फसू नका. त्यात दोन तास दगडी फरशीवर चालणं आणि शंभर पायऱ्या सहज असतात. काउंटरवर तीन प्रश्न विचारा: एकूण किती चालणं, किती पायऱ्या, आणि मधे बसायला मिळतं का. इफेससला उतार आपल्या बाजूने वापरा. वरच्या दरवाजाशी उतरून खालच्या दरवाजाने बाहेर पडायचं, म्हणजे सेल्ससच्या ग्रंथालयाकडे आणि मोठ्या नाट्यगृहाकडे चालत उतरणीवरच जाता येतं. टॅक्सीवाल्याला हे आधी सांगा. संगमरवर गुळगुळीत झालाय, चपला नकोत.

व्हीलचेअर असेल तर टेंडर पोर्ट अवघड. काही जहाजांवर घडीच्या खुर्चीसह उतरवतात, बॅटरीवाली जड खुर्ची सहसा नेत नाहीत. प्रवासाच्या काही आठवडे आधी कंपनीच्या अपंगसाहाय्य विभागाला लेखी विचारा आणि उत्तर छापून घ्या.

डायव्हिंग, झिपलाइन, ज्वालामुखी… जहाजाने विकलेली सहल म्हणजे सुरक्षित, असं धरायचं ना?

नाही. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या व्हाइट आयलंडवर, म्हणजे व्हाकारीवर, उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ जण होते. बहुतेक जण क्रूझवरून सहलीला आलेले होते. २२ जण गेले. त्याआधी काही आठवडे ज्वालामुखीचा इशारा एक पायरी वाढवलेला होता. तिथे उतरलेल्या किती जणांना तो माहीत असेल? सहल चालवतो तो स्थानिक माणूस, जहाज फक्त विकतं, आणि करारात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. तेव्हा साहसी सहलीआधी त्या ठिकाणची सरकारी सूचना स्वतः शोधून वाचा.

विम्याचा कागदही तेव्हाच काढा. डायव्हिंग, स्कूटर भाड्याने घेणं, पॅराशूटला बांधून बोटीमागे उडणं या गोष्टी बऱ्याच पॉलिसींत वगळलेल्या असतात. आणीबाणीत हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हा त्याहून मोठा प्रश्न.

स्कूबा केल्यानंतर लगेच विमानात बसू नये. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबायला सांगतात. बरेच जण सरसकट २४ तास धरतात. क्रूझच्या शेवटच्या बंदरात डायव्हिंग ठेवून दुसऱ्या सकाळी विमान पकडणारे लोक हे विसरतात. डोंगरमाथ्यावरची किंवा हेलिकॉप्टरची सहलही त्याच हिशोबात येते.

बोटीवर मळमळतं त्यांनी गोळी बोट हलायच्या तासभर आधी घ्यावी, नंतर नाही. कोझुमेलहून तुलुमला जाणाऱ्यांना हे आवर्जून सांगते. आधी फेरीबोटीने पाऊण तास, मग बसने तासभर, आणि ती फेरी मोठ्या जहाजापेक्षा फारच जास्त डोलते.

सहलीत दुकानांचे थांबे का असतात? टाळता येतात का?

गालिचे, दागिने, चामडं, अत्तर. ‘प्रात्यक्षिक’ असं नाव असतं, आणि विक्रीवर कुणाला ना कुणाला कमिशन असतं. जहाजाच्या सहलीतही असतात. एकदा आम्हाला अवशेष बघायला पन्नास मिनिटं मिळाली आणि गालिच्याच्या दालनात सव्वा तास. चहा छान होता. पण सव्वा तास! बुक करताना ‘दुकानाचा थांबा नाही’ हे लिहून घ्या. अडकलातच तर बाहेर जाऊन उभं राहायला कुणी मनाई करत नाही.

बरोबर काय घ्यायचं आणि काय मुळीच नाही?

जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र, औषधाचा एका दिवसाचा जास्तीचा डोस, पाणी, थोडे स्थानिक सुटे पैसे, एक बँक कार्ड. पासपोर्टबद्दल त्या दिवसाच्या पत्रकात सूचना असते, ती पाळा. तिजोरीत ठेवायचा असेल तर निदान झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो असू द्या. मी स्वतः परतीचा प्रवास तासाभराहून लांब असेल तर मूळ पासपोर्टच नेते. उतरल्यावर मागे वळून जहाजाचा आणि धक्क्याच्या पाटीचा एक फोटो काढा. बार्सिलोनासारख्या बंदरात टर्मिनल अनेक आहेत, आणि टॅक्सीवाल्याला ‘क्रूझ’ एवढंच सांगून भागत नाही.

नाश्त्याच्या टेबलावरून उचललेलं फळ किंवा सँडविच बरोबर नेऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. न्यूझीलंडमध्ये न सांगता नेलेल्या सफरचंदापायी जागेवर ४०० डॉलर दंड होऊ शकतो, आणि हुंगणारे कुत्रे धक्क्यावरच असतात. बार्बाडोस, जमैका आणि कॅरिबियनमधल्या आणखी काही बेटांवर लष्करी छापाचे हिरवे-मातकट कपडे घालणं कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांनीसुद्धा. हवाईत प्रवाळाला घातक असलेली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही दोन रसायनं असलेलं सनस्क्रीन १ जानेवारी २०२१ पासून विकत नाहीत. घरून आणलेल्या ट्यूबवरही ती नावं आहेत का बघा.

व्हिसा लागणारा पासपोर्ट असेल तर मार्गातला प्रत्येक देश तपासा. मधेच एखादं बंदर शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेरचं असेल तर परत येताना दुसरा प्रवेश मोजला जाऊ शकतो, म्हणून अनेक प्रवेशांचा व्हिसा काढावा. काही देश तर जहाजातून न उतरणाऱ्यालाही व्हिसा मागतात.

फोन आणि पैशांचं काय?

जहाजावर फोन विमान मोडमध्येच. समुद्रातलं मोबाइल नेटवर्क अतिशय महाग असतं, आणि बंदराला लागल्यावरही फोन कधी कधी त्यालाच चिकटून राहतो. धक्क्याबाहेर आल्यावर, पडद्यावर गावच्या कंपनीचं नाव दिसतंय याची खात्री करून मगच डेटा सुरू करा. नकाशा आदल्या रात्री डाउनलोड केलेला बरा. कार्ड मशीनने ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे कापू का’ विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. आपल्या चलनात कापतानाचा दर मशीनवाल्याच्या फायद्याचा असतो.

अंटार्क्टिकासारख्या ठिकाणीही हेच नियम लागतात का?

तिथे निवडच नसते, सहल जहाजाचीच. पण जहाज निवडताना एक गोष्ट बघा. तिथल्या नियमांनुसार एका ठिकाणी एका वेळी १०० च प्रवासी उतरू शकतात, आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेलं जहाज कुणालाच उतरवत नाही. स्वस्त मिळालं म्हणून मोठ्या जहाजाचं तिकीट काढणाऱ्यांना पेंग्विन दुर्बिणीतून बघावे लागतात.

न उतरता जहाजावरच राहिलं तर?

अवश्य राहा. ज्या दिवशी सगळे उतरतात त्या दिवशी तलाव रिकामा, लिफ्ट लगेच मिळते, स्पामध्ये सवलती असतात. दहा दिवसांत आठ बंदरं असतील तर एक आम्ही मुद्दाम सोडतो. कुठलं सोडायचं ते दोघांनी आधीच ठरवलेलं बरं, नाहीतर त्या सकाळी गँगवेपाशी वाद होतो.

परत चढताना काय तपासतात?

कार्ड दाखवायचं, सामान मशीनमधून जातं, विमानतळासारखंच. शोभेची सुरी, तलवार, मोठी कात्री काढून घेतात. किनाऱ्यावर घेतलेली दारूची बाटली जहाज ठेवून घेतं आणि पावती देतं, ती शेवटच्या रात्री केबिनमध्ये पोचवतात. एका क्रूझच्या शेवटच्या रात्री आमच्या दाराशी तीन बाटल्या आल्या, आणि त्यातली एकही आमची नव्हती. आमची शेजारच्या जोडप्याकडे गेली होती, त्याच धावत आलेल्या. अदलाबदल करायला त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या भिंतीवर परतीच्या वेळेची मोठी चिठ्ठी चिकटवलेली होती, खाली दोन रेघा मारून.